गालकाच्या वतीने

क्षमेच्या रविवारी तेरेंतीच्या गोठ्यात पहिला मान शेळीचा. ती मोठी मानाची होती म्हणून नव्हे, तर तिला थांबायला लावले की ती सगळा गोठा डोक्यावर घेई म्हणून. म्हातारा तेरेंती दारातच कानपट्ट्यांची टोपी काढून काखेत मारी, राईच्या पावाचा मीठ लावलेला तुकडा तळहातावर ठेवी आणि शेळीपुढे कमरेत वाकून म्हणे, "वर्षभरात तुला काही दुखवलं असेल तर क्षमा कर." तोवर शेळीने पाव गिळून टोपीची नाडी चघळायला घेतलेली असे.

जनावराला तोंडाने उत्तर देता येत नाही. म्हणून त्या घरात अशी रीत होती, की जनावराला जो रोज वैरण घालतो त्यानेच त्याच्या वतीने बोलायचे. जनावराने पाव खाल्ला, की वैरण घालणारा म्हणणार, "देव क्षमा करील, आणि तीही करते." मग पुढच्या दावणीकडे. उद्यापासून चाळीस दिवसांचा मोठा उपवास लागणार, आणि कुणाचे मन दुखावलेले ठेवून उपवासात शिरायचे नाही, हे ओल्खोव्का गावात प्रत्येकालाच ठाऊक होते. पण इतर घरी माणसे माणसांचीच क्षमा मागत. गोठ्यातही मागायची, ही रीत तेरेंतीच्या आजोबांनी घातली होती. नदीपलीकडचा कझाख शेजारी सेरिक दरवर्षी हसे. "तेरेंती, आमच्यात घोड्याची माफी मागत नाहीत," तो म्हणे, "आमच्यात घोड्याचं ऐकतात."

त्या रविवारीही शेळीचे झाले. गाईचे झाले. गाईने पाव खाल्ला आणि तळहात, मनगट, बाहीची कडही चाटून घेतली. सून उस्तिन्या हातात बादली घेऊन उभी होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून गोठा तिच्याकडे होता. दोन्ही वेळा तिने उत्तर दिले. दोन्ही वेळा तिची लेक पाशा हसली आणि आजीने तिला कोपराने ढोसले.

मग गालका. काळीभोर घोडी, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका, गाभण आणि भरत आलेली.

तिच्यापुढे तेरेंती नेहमीसारखा वाकला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ गोठ्याच्या गार जमिनीला टेकले. पाशाचे हसू थांबले.

"गालका," तो म्हणाला, "काल मी तुझ्यावर जुलूम केला. मला क्षमा कर."

तो उठला. गुडघ्यांना लागलेले गवत त्याने झटकले नाही. पावाचा तुकडा त्याने पुढे केला. गालकाने नाक जवळ आणले, हुंगले आणि मान भिंतीकडे फिरवली. तो दुसऱ्या बाजूला गेला. तिने मान पुन्हा वळवली.

सगळे उस्तिन्याकडे बघू लागले.

"देव क्षमा करील," उस्तिन्या म्हणाली, आणि थांबली.

"आणि?" सासू मारेम्याना म्हणाली.

"तिनं पाव घेतला नाही, आई."

"मग काय झालं? पोट भरलं असेल तिचं."

"आपल्याकडं पाव खाल्ल्याशिवाय उत्तर देत नाहीत. मी नवी आले तेव्हा तुम्हीच शिकवलंत."

तेरेंतीने हात खाली घेतला. पावाचा तुकडा गव्हाणीच्या कडेवर ठेवून त्याने टोपी डोक्यावर चढवली. "तिला कशाला बोलतेस, मारेम्याना? ती खरं तेच सांगतेय. घोडी नाही म्हणाली." दारापाशी थांबून तो हळूच म्हणाला, "दोघीही नाही म्हणाल्या."

तो गेल्यावर शेळी पुढे सरकली आणि गव्हाणीवरचा पाव तिने खाऊन टाकला.

*

आदल्या दिवशीची गोष्ट अशी.

गावातले जुने प्रार्थनाघर कित्येक वर्षे सरकारने धान्याचे कोठार म्हणून वापरले होते. ते आता कुठे परत मिळाले होते आणि त्याची उत्तरेकडची भिंत कुजली होती. भिंतीसाठी देवदाराचे ओंडके जंगलात तोडून ठेवले होते. त्या वर्षी डिझेल मिळेनासे झाले होते. गावचा ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता आणि त्याच्या बसायच्या जागेवर कोंबड्या अंडी घालत होत्या. बर्फ पक्के आहे तोवरच घसरगाडीवरून ओंडके खाली आणता येणार होते. एकदा वितळू लागले की वाटेचा नुसता चिखल. प्रार्थना चालवणारा वडीलधारा तेरेंतीच, म्हणून भिंतीची काळजीही त्यालाच सर्वांत जास्त.

शनिवारी सकाळी तो गालकाला बाहेर काढू लागला तेव्हा उस्तिन्या म्हणाली होती, "तात्या, आज दोनच ओंडके घाला. ती जड झालीय."

"ओंडक्यांचं मी बघतो," तेरेंती म्हणाला होता. "बाईमाणसानं चुलीकडं बघावं."

उस्तिन्याचे वडील घोडे राखणारे होते. घोड्यांतच ती वाढली होती. पण सासऱ्याला उलटे बोलायचे नाही, हेही ती त्याच घरात शिकली होती.

त्याने चार ओंडके घातले. गिरणीजवळच्या चढावर गालका गुडघ्यांवर कोसळली. अशा वेळी आधी गाडी सोडायची असते, मग जनावर उठवायचे, हे शेंबड्या पोरालाही कळते. दुष्मनाचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी पुढे जाऊ नको, हात लाव, असे शास्त्रात सांगितले आहे, आणि ते तेरेंती स्वतः मुलांना शिकवत असे. पण अंधारायला लागले होते, बर्फ मऊ पडू लागले होते, आणि भिंत डोळ्यांपुढे होती. त्याने गाडी सोडली नाही. चाबूक उचलला.

घरी आल्यावर उस्तिन्याने गालकाच्या पाठीवरचे वळ पाहिले, सोललेले गुडघे पाहिले.

"काय झालं, तात्या?"

"अडली. उठली. लाकूड पोचलं," तो म्हणाला आणि न जेवता झोपायला गेला.

उस्तिन्याने गुडघे धुतले, वळांवर चरबी लावली. मग रागाने तिने गव्हाणीत वैरण अशी फेकली, की अर्धी बाहेर पडली. रविवारी सकाळीही तशीच फेकली.

*

रविवारी दुपार कलली तरी तेरेंती अंगणातल्या लाकडाच्या ढिगावर बसून होता. आत चुलीवर मारेम्याना ब्लिनी घालत होती. उपवासाआधीचा लोण्याचा शेवटचा दिवस. धिरड्यासारखी एकेक पातळ, जाळीदार ब्लिनी तव्यावरून उतरत होती आणि कुणी खात नव्हते.

"या आत. गार होतंय सगळं," ती खिडकीतून ओरडली.

"मी संध्याकाळी प्रार्थनेला येणार नाही," तेरेंती बाहेरूनच म्हणाला.

मारेम्यानाच्या हातातले उलथने तसेच राहिले. या संध्याकाळी सगळे गाव प्रार्थनाघरात जमे. सर्वांत आधी वडीलधारा सगळ्यांपुढे वाकून क्षमा मागे, मग म्हातारे तरुणांची, तरुण पोरांची, सासवा सुनांची. सुरुवातच त्याच्यापासून.

"येणार नाही म्हणजे? सुरुवात कोण करणार?"

"माझ्यानंतर वयानं फादेयच मोठा. तो करील."

"फादेयला ऐकू येत नाही! लोक पाया पडून जातील आणि तो म्हणेल, काय म्हणालात?"

"मग दुसरं कुणी. पूजेला उभं राहण्याआधी जा, ज्याचं मन दुखवलंस त्याच्याशी समेट कर, असं प्रभूनं सांगितलंय. माझा समेट झालेला नाही."

"भावाशी समेट कर म्हटलंय, तेरेंती! घोडीशी नाही म्हटलं!"

"भावाला तोंड आहे. तो गावभर सांगत फिरेल," म्हातारा म्हणाला. "तिला कोण आहे?"

मारेम्यानाने खिडकी लावून घेतली. पाशा टेबलाशी बसून ब्लिनीची कड कुरतडत होती.

"आजी, आजोबांनीच सांगितलं ना, देवानं आदामाला सगळ्या जनावरांवर सत्ता दिली म्हणून? मग मालकानं घोडीची क्षमा कशाला मागायची?"

मारेम्याना रागात होती, पण नातीने विचारलेला प्रश्न तिने कधी वाया घालवला नव्हता. तवा बाजूला ओढून ती समोर बसली.

"मी शेजारी गेले, तर घर कुणाच्या हाती देऊन जाते?"

"माझ्या."

"म्हणजे घर तुझं झालं?"

"नाही. तुझंच."

"पण भांड्यांना हात लावायचा, चूल पेटवायची, मांजराला हाकलायचं, हे सगळं तू करू शकतेस ना? ही सत्ता. आता मी परत आले आणि माझा आवडता कप फुटलेला दिसला, तर मी कुणाला विचारीन?"

"मला. पण कप मांजरानं फोडला असेल."

"तरीही तुलाच विचारीन. आदामाचं तेच झालं. देवानं त्याला बागेत ठेवलं ते काय नुसतं हुकूम सोडायला? राखण करायला ठेवलं. जनावरं त्याच्यापुढं आणली, त्यानं एकेकाला नाव दिलं. ज्याला आपण नाव देतो त्याचं आपण देणं लागतो, बाळा. गालका आपल्या गोठ्यात आहे, पण आहे देवाची. तो येईल आणि विचारील, माझी घोडी कुठाय? तेव्हा भिंत दाखवून भागणार नाही."

"देवाच्याच घराची भिंत दाखवली तरी?"

"तरीही. देवाच्या घरासाठी देवाचीच घोडी मारली, हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं?" मारेम्याना उठली. तिने हळू आवाजात पुढे म्हटले, "म्हणून तर तुझे आजोबा तिथं लाकडावर बसलेत."

उस्तिन्या कोपऱ्यात भांडी घासत होती. तिने सगळे ऐकले होते. मारेम्याना तिच्याजवळ आली.

"दोन शब्द आहेत, पोरी. बोलल्यानं जीभ झिजते का?"

"माझे असते तर दिले असते, आई. हे तिचे आहेत. खोटं कसं बोलू? तेही आज?"

मारेम्यानाने तिच्या हातातले भांडे काढून घेतले. "एक विचारते, रागावू नको. हे गालका बोलतेय, की तू बोलतेयस?"

बाईमाणसानं चुलीकडं बघावं. ते वाक्य कालपासून उस्तिन्याच्या छातीत काट्यासारखे रुतून बसले होते. ती हात पुसत उठली, पावाचा तुकडा कापला, मीठ लावले आणि गोठ्याकडे निघाली. तात्यांच्या हातून नाही घेतला, पण माझ्या हातून तर घेईल, असे तिला वाटत होते. खरे सांगायचे तर तसेच व्हावे, अशी तिची इच्छाही होती. म्हणजे तात्यांना घोडीनेच नाही म्हटले, हे सिद्ध झाले असते.

*

गालकाने तिचा पाव हुंगला आणि मान भिंतीकडे फिरवली.

उस्तिन्या जागच्या जागी उभी राहिली. तिला आधी वाईट वाटले, मग लाज वाटली, आणि मग भीती. जी घोडी तिच्या खिशातून पाव चोरून खाई, ती तिच्यावर कशाला रुसेल?

तिने गव्हाणीत पाहिले. आज सकाळची वैरण तशीच होती. कालचीही. खाली जमिनीवर गवताचे ओले, अर्धवट चावलेले बोळे पडले होते. घोडीने घास तोंडात घेतला होता, चावला होता, आणि गिळता न आल्याने टाकून दिला होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

हे बोळे सकाळीही इथेच असणार. वैरण फेकताना आपण खाली पाहिलेच नाही, हे उस्तिन्याला कळले. तात्यांवर रागावण्यात आपण इतके गुंतलो, की जिच्यासाठी रागावलो तिच्याकडे बघायचेच राहिले.

"गालका, गालका," ती पुटपुटली. तिने जबड्याखालून हात फिरवत मानेवरून खाली नेला. खाली, जिथे गाडी ओढताना गळपट्टा बसतो तिथे, दाट केसांआड गरम, टणक सूज होती. बोट लागताच घोडी शहारली.

म्हणजे घोडीने कुणाला नाही म्हटलेच नव्हते. तिला भूक होती आणि घसा दुखत होता, एवढेच.

मग दुसरी भीती आली. उस्तिन्याने तळहात घोडीच्या पोटाला लावला. रोज वैरण घालताना ती असा हात लावी आणि आतले शिंगरू कधी ना कधी ढुशी देई. आज आत काहीच हलले नाही. तिने दुसऱ्या कुशीला हात लावला. काही नाही.

ती दाराशी धावली.

"तात्या! इकडं या!"

लाकडाच्या ढिगावरून तेरेंतीने मान वर केली. "तिनं पाव घेतला?"

"क्षमेचं नंतर बघू. काम आहे. आणि येताना तो गळपट्टा आणा."

म्हातारा ज्या वेगाने उठला त्या वेगाने तो गेल्या कित्येक वर्षांत उठला नव्हता. खुंटीवरचा गळपट्टा घेऊन तो आला. कातडी पिशवीत गवत ठासून केलेला जाड पट्टा. उस्तिन्याने तो उलटा केला आणि अंगठ्याने आतली बाजू दाबत गेली. एका ठिकाणी तिचा अंगठा थांबला.

"इथं दाबा."

तेरेंतीने दाबले. आतले गवत घामाने भिजून गोळा झाले होते आणि लाकडासारखे वाळले होते. त्याचा चेहरा उतरला. "दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मी हे उसवून नवं गवत भरतो," तो म्हणाला. "यंदा भिंतीच्या नादात..." त्याने पट्टा जमिनीवर ठेवला. "चार ओंडके, आणि गळ्यावर हा गोळा. आणि वरून मी तिला मारलं."

"तात्या, रडायला नंतर वेळ आहे. मला विहिरीचं गार पाणी हवंय. एकदम गार, बर्फाचे तुकडे तरंगणारं. आणि आईंना सांगा, कोंड्याची पातळ पेज करा, कोमट, मीठ घालून. आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी."

"एकाला गार, एकाला कोमट, एकाला गरम," तेरेंती बोटांवर मोजत म्हणाला.

"गार पाणी शिंगरासाठी. आईच्या पोटात गार पाणी गेलं, की आतलं पोर वळवळतं. माझे बाबा असंच बघायचे." तिने पुन्हा पोटाला हात लावला. "जिवंत असेल तर."

तेरेंती बादली घेऊन पळाला. थोड्याच वेळात मारेम्याना पातेले घेऊन आली, तिच्यामागे पाशा फडकी घेऊन. उस्तिन्याचा नवरा लुका प्रार्थनाघरातली शेगडी पेटवून परतत होता, तोही दारात डोकावला.

"तात्या, लोक जमायला लागलेत. फादेय सुरुवात करायच्या गोष्टी करतोय."

"करू दे," तेरेंती म्हणाला.

"तो लग्नातली प्रार्थना म्हणायला लागलाय."

"तर मग जाऊन थांबव त्याला! सांग, येतो म्हणून. कधी येतो ते सांगू नको."

उस्तिन्याने गरम फडकी सुजेवर धरली. ती निवली की पाशा दुसरी देई. हळूहळू घोडीच्या मानेचा ताठरपणा गेला. तेरेंतीने गार पाण्याची बादली तिच्या नाकाखाली धरली. गालकाने ओठ बुडवले. एक घोट गेला, अडखळत. मग दुसरा. गळ्याखाली पाणी उतरताना दिसले तेव्हा मारेम्यानाने छातीवर क्रुसाची खूण केली.

घोडी प्यायली. फार नाही, पण पुरेसे.

"आता?" तेरेंतीने विचारले.

"आता थांबायचं. हात इथं ठेवा. नाही, अजून खाली. तळवा सपाट."

सासरा आणि सून घोडीच्या दोन बाजूंना उभे राहिले, पोटावर हात ठेवून. मधे घोडीची पाठ, त्यामुळे एकमेकांचे फक्त डोळे दिसत होते. गाय रवंथ करत होती. दूर प्रार्थनाघराशी कुणीतरी लोखंडी पट्टीवर ठोके देत होते, लोकांना बोलावत होते. तेरेंतीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

बराच वेळ काही झाले नाही. उस्तिन्याने डोळे मिटून घेतले.

"आईऽ गं!" तेरेंती एकदम ओरडला आणि त्याने हात झटकला. "लाथ मारली! मला लाथ मारली त्यानं!"

"कुठं?"

"इथं! पुन्हा मारली बघ! अगं, खूर आहे हा, खूर!"

उस्तिन्या घोडीच्या पोटाखालून वाकून त्याच्या बाजूला आली. तिच्या तळहाताखाली आधी एक हळू लाट गेली, आणि मग टणक, रागीट ढुशी बसली. तिला हसू फुटले आणि रडूही. तिने कपाळ घोडीच्या कुशीला टेकले.

"बरं केलं," मारेम्याना डोळे पुसत म्हणाली. "जन्माआधीच आजोबाला लाथ मारली. आमच्यापैकी कुणाला आजवर जमलं नाही ते."

पाशाला हात लावून बघायचा होता. तिला उचलून धरले, तर शिंगराने तिलाही ढुशी दिली आणि ती किंचाळली. शेळीने तेवढ्यात फडके पळवले. इतका वेळ त्या गोठ्यात सगळे श्वास धरून होते. आता एकदम सगळेच बोलू लागले.

*

गालका पेज प्यायली. बादली तेरेंतीने धरली होती, आणि तोंड वर करताना तिने त्याच्या दाढीला कोंडा फासला. मग त्याने तळहात पेजेत ओला करून मिठात बुडवला आणि तिच्यापुढे धरला. या वेळी त्याला गुडघ्यांवर बसायचे सुचले नाही. तो नुसता उभा होता, थकलेला, दाढीत कोंडा.

गालकाने त्याचा तळहात चाटला. जिभेने सावकाश, बोटांच्या मधूनही.

उस्तिन्याने बादली खाली ठेवली. "देव क्षमा करील," ती म्हणाली, "आणि तीही करते."

या वेळी शब्द अडले नाहीत. ते खरेच होते.

तेरेंतीने मान खाली घातली. मग तो सुनेकडे वळला आणि तिच्यापुढे कमरेत वाकला. "तुझीही मागतो, उस्तिन्या. काल तू सांगितलंस ते खरं होतं. मी ऐकलं असतं, तर हे झालं नसतं. आणि चुलीचं बोललो, तेही मागे घेतो."

"मागे घेऊ नका, तात्या. पेज चुलीवरच झाली." ती हसली आणि मग गंभीर झाली. तीही त्याच्यापुढे वाकली. "देव क्षमा करील, मीही करते. आणि तुम्ही मलाही करा. दुपारी मी नाही म्हटलं ते सगळंच काही घोडीचं नव्हतं. थोडं माझं होतं. तिचं नाव पुढं करून मी माझा राग बोलत होते."

"ते मला कळलं होतं," म्हातारा म्हणाला. "देव क्षमा करील. मी करतो."

उस्तिन्या आता घोडीकडे वळली. तिने खिशातला मिठाचा पाव काढला, पेजेत भिजवून मऊ केला आणि तिच्यापुढे वाकली.

"गालका, कालपासून तू उपाशी होतीस आणि मी तुझ्याकडं वळून बघितलं नाही. वैरण फेकली आणि गेले. मला क्षमा कर."

गालकाने मऊ पाव उचलला, सावकाश चावला आणि गिळला.

पाशाने आईकडे पाहिले, मग आजीकडे. "आता कोण बोलणार? तिला वैरण तर आईच घालते."

खरेच की. घोडीच्या वतीने बोलणारी तीच, आणि क्षमा मागणारीही तीच. तेरेंतीच्या आजोबांनी घालून दिलेल्या रीतीत याचे उत्तर नव्हते.

तेरेंतीने खाकरून घसा साफ केला. "आज पेज कुणी पाजली?"

"तुम्ही," पाशा म्हणाली.

"मग आज मी बोलतो." त्याने एक हात घोडीच्या मानेवर ठेवला, सूज टाळून, अलगद. "देव क्षमा करील, उस्तिन्या. आणि ही तर केव्हाच करून बसलीय. इतका वेळ आपल्या दोघांचं उरकायची वाट बघत होती."

दारात लुका पुन्हा येऊन उभा होता. त्याच्या भुवयांवर बर्फ होते. "तात्या, काय सांगू त्यांना?"

"सांग, निघालो." तेरेंतीने टोपी उचलली, नाडी शोधली. एक नाडी शेळीच्या पोटात गेली होती. "आणि हेही सांग, उरलेले ओंडके जंगलातच राहतील. बर्फ जायचं तर जाऊ दे. पुढच्या हिवाळ्यात आणू. तोवर उत्तरेकडच्या भिंतीशी मी स्वतः उभा राहीन, वाऱ्याला पाठ देऊन."

"थांबा," मारेम्याना म्हणाली. तिने त्याची दाढी धरून त्यातला कोंडा झाडायला सुरुवात केली. "असे जाणार लोकांपुढं?"

"असू दे," म्हातारा म्हणाला. "उशीर का झाला ते सांगावं तर लागेलच. हे बघितलं, की निम्मं सांगून होईल."

सगळे बाहेर पडले. अंगणातले बर्फ संध्याकाळच्या उजेडात निळे दिसत होते आणि पायाखाली करकरत होते. उस्तिन्या शेवटी निघाली. दार ओढून घेण्याआधी ती परत आत गेली, जमिनीवर सांडलेली वैरण तिने दोन्ही हातांनी उचलली आणि गव्हाणीत नीट, हलक्या हाताने पसरून ठेवली. उद्या नाही तर परवा गालका ती खाईल.